सध्या काय वाचून राहिलात? आणि ते मोठ्याने वाचायला कसं आहे?

प्रतापनगरची

नमस्कार मंडळी. सध्या तुमच्या हातात कोणतं पुस्तक आहे आणि ते कसं वाटून राहिलं, हे विचारायचं आहे. सोबत माझी एक जास्तीची मागणी: ते पुस्तक मोठ्याने वाचायला कसं आहे, तेही लिहा. आमच्या घरी सध्या सगळं वाचन तसंच चालतं.

माझे सासरे, मामाजी, रेल्वेतून रिटायर झाले. इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या, म्हणजे नॅरोगेज, गाडीवर गार्ड होते. वाचनाचा नाद जबरदस्त. गार्डच्या पेटीत झेंड्यांसोबत एक पुस्तक असायचंच, असं मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात. आता डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दारात कोणी आलं तर चालण्यावरून ओळखतात, चेहरा मात्र समोर असून सापडत नाही. पानावर नजर टाकली की ज्या अक्षराकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. दिवा लावलेलं मोठं भिंग आणून पाहिलं. त्याने पेपरचे मथळे व्हायचे, पुस्तक काही होईना. मोबाईलवर पुस्तकं ऐकवून पाहिली. वाचणारा चांगला होता, पण मामाजींना मध्येच थांबवायचं असतं, "हे पुन्हा वाच बरं" म्हणायचं असतं, त्यावर काही सांगायचं असतं. मोबाईल त्यांच्यासाठी थांबत नाही. मग मीच वाचायला लागले. जेवणं झाली, ओटा आवरला की बैठकीत बसतो. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत आवाज पोहोचत नव्हता, तेव्हा पहाटे अंगणात खुर्च्या टाकून वाचायचो. आता पुन्हा रात्री. तासाभरात साधारण वीस पानं होतात.

आत्तापर्यंत सगळ्यात रंगलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. मी कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा आवडलं होतं; पण ते ऐकायचं पुस्तक आहे हे आता कळलं. बाईंचं वाक्य तोंडात बसतं. कुठे दम लागत नाही, कुठे जीभ अडखळत नाही. एकेक प्रसंग आपणहून पुरा होतो, त्यामुळे झोप आली की कुठे थांबायचं हा प्रश्नच नाही. सुरुवातीला वडिलांच्या सोवळ्याचं वेड येतं, घरात येणारी वस्तू अन् वस्तू धुऊन घ्यायची, तिथे मामाजी इतके हसले की मामी स्वयंपाकघरातून बघायला आल्या. आल्या त्या बसल्याच. मामी पुस्तकाच्या वाटेला कधी जात नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून लसणाची टोपली घेऊन त्या आमच्या आधी हजर.

टिळक नागपुरात बुटींच्या आश्रयाला होते, तो भाग आला तेव्हा मामाजींनी मला पुढे जाऊच दिलं नाही. बुटी कोण, बर्डीवर त्यांचा वाडा कुठे, सगळं सांगून झालं मगच पान उलटलं. आणि मग १८९५ सालचा फेब्रुवारी. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते लक्ष्मीबाईंना कळलं. ती पानं वाचताना मी मामींकडे बघितलं. लसणाची पाकळी बोटांत तशीच धरलेली होती. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग ते गेली का त्याच्याकडे?" मी म्हटलं, गेली, पण त्याला वेळ लागला. स्वतःचा बाप्तिस्मा बाईंनी १९०० साली घेतला. त्या मधल्या वर्षांत ही बाई स्वतःच्या मनातला सोवळंओवळ्याचा एकेक खिळा कसा उपटते ते लिहिलं आहे, आणि कुठेही आपण फार मोठं काही केलं असा सूर नाही. शाळेत न गेलेल्या बाईने १९३४ पासून हे भागाभागाने छापायला दिलं. मला तर मराठीत याच्या तोडीचं आत्मचरित्र दिसत नाही. कोणाला दिसत असेल तर जरूर सांगा, मी वाचीन.

त्यानंतर माडगूळकरांचं 'बनगरवाडी' घेतलं. लहानसं आहे, लवकर संपलं. पण ते हळू वाचावं लागतं. त्यात माणसं कमी बोलतात. मी माझ्या नेहमीच्या वेगाने वाचत होते तर मामाजी म्हणाले, "बेटा, गाडी थोडी सिग्नलला उभी करत जा." खरं होतं. दुष्काळात वाडी ओस पडते तो शेवटचा भाग त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून घेतला.

जी. एं.चं 'काजळमाया' मात्र आम्हाला जमलं नाही. माझी फार आवडती गोष्ट आहे त्यात, पण मोठ्याने वाचताना वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याच्या हातून सुरुवात सुटून जाते. मामाजी म्हणाले, हे डोळ्यांनी वाचायचं आहे. आणि ते म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. मी पुस्तक ठेवून दिलं.

सध्या चालू आहे मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण'. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मामाजींनीच नाव काढलं होतं. जाडजूड आत्मचरित्र आहे. सोलापूरचं लहानपण, मग वनखात्याची नोकरी, मग आपल्याकडचं जंगल. नवेगावबांधाचा भाग सुरू झाला आणि आमच्या घरात वाचणारी मी एकटी राहिले नाही. गोंदियाहून चांदाफोर्टची लाईन तेव्हा छोटीच होती. मी पक्ष्यांची नावं वाचते आणि मामाजी मध्ये मध्ये स्टेशनं सांगतात: सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी. पुस्तकात नसलेलंही बरंच जंगल मला ऐकायला मिळून राहिलं. तरी एक खरं सांगते, सलग तीन-चार पानं नुसती निरीक्षणं आली की मामी उठून जातात. प्रसंग सुरू झाला की परत येतात.

तर सांगा. तुम्ही काय वाचून राहिलात, आणि आमच्या बैठकीत ते चालेल का?

महालकर

ताई, तुम्ही आजवर गद्यच वाचलं दिसतं. नाटक घ्या. आणि नाटक घ्यायचं तर 'वाडा चिरेबंदी'. मी सध्या तिन्ही भाग सलग वाचतो आहे, वाडा, मग 'मग्न तळ्याकाठी', मग 'युगान्त'. एलकुंचवार आपल्या नागपूरचेच, जन्म यवतमाळ जिल्ह्यातला. १९८५ साली विजयाबाई मेहतांनी वाडा बसवलं. पुढे चंद्रकांत कुळकर्णींनी तिन्ही नाटकं एकत्र केली होती. मी तेव्हा पाहू शकलो नाही, म्हणून पुस्तकावरच तहान भागवतो.

तुमच्या घरासाठी ते का, ते सांगतो. एक तर भाषा. धरणगावकर देशपांड्यांच्या घरात जशी बोलतात तशी माझी आजी बोलायची. मुंबईपुण्याचा नट ते बोलायला लागला की खटकतं, आपल्या तोंडी ते आपसूक येतं. दुसरं, त्यातल्या वस्तू. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे, तो कोणी हलवत नाही. तात्याजींचं तेरवीचं कार्य आहे आणि घरात पैसा नाही, तरी गावाला जेवू घालायचं आहे. सोन्याची वाटणी आहे. वहिनी एका रात्री सगळे दागिने अंगावर घालते, तो प्रसंग वाचताना मी खरंच पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ तसाच बसलो. तिला लोभी म्हणता येत नाही. ज्या घरासाठी उभा जन्म राबली त्या घराचं वैभव तिने फक्त ऐकलेलं होतं, ते एकदा अंगावर घेऊन बघते.

प्रभाबद्दल मात्र मला लेखकाशी भांडायचं आहे. शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, आणि नाटकभर ती तेवढ्याच दुःखाभोवती फिरते. मला तिचं आणखी काही ऐकायचं होतं. असो. पण मोठ्याने वाचायला याहून चांगलं काही मला सुचत नाही. फक्त एकटीने सगळे आवाज काढू नका. घरात जितके असतील तितक्यांना वाटून द्या.

इंदोऱ्याचा

मी दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकं घेतो. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. लोक लांबून रेल्वेने, ट्रकने येतात, रात्र उघड्यावर काढतात आणि जाताना पिशवीत पुस्तक असतंच. चपला झिजलेल्या बाईला मी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छातीशी धरून गर्दीतून वाट काढताना पाहिलं आहे.

सध्या माझ्याकडे वसंत मून यांचं 'वस्ती' आहे. दुसऱ्यांदा वाचतो आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा विशीत होतो, राग आला एवढंच आठवतं. आता घरसंसार झाल्यावर वेगळ्याच गोष्टी दिसून राहिल्या. मून म्हणजे बाबासाहेबांच्या भाषणांचे आणि लेखनाचे खंड ज्यांनी महाराष्ट्र शासनासाठी संपादित केले तेच. पण या पुस्तकात ते महारपुऱ्यातलं एक पोर आहेत. सीताबर्डीला लागून असलेली ही वस्ती. आज बर्डीवर खरेदीला जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे की तिथे काय होतं? आईचे कष्ट आहेत, उपास आहेत, पण त्याबरोबर आखाडे आहेत, समता सैनिक दल आहे, गाणी आहेत, मारामाऱ्या आहेत. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरातच स्थापन झालं. एवढी मोठी गोष्ट ज्यांच्या खांद्यांवर उभी राहिली ती माणसं कशी जेवत होती, कशी भांडत होती, ते मला या पुस्तकाने दाखवलं. दलित आत्मकथन म्हटलं की लोक आधीच हळहळायची तयारी करून बसतात. 'वस्ती' हळहळू देत नाही. त्यात माणसं ताठ उभी आहेत.

ताई, मोठ्याने वाचायला चालेल. साधी सरळ भाषा आहे. आणि तुमच्या मामाजींना जुनं नागपूर माहीत आहे, म्हणजे वाचन लांबणार याची तयारी ठेवा. त्यांनी काही सांगितलं तर इथे लिहा. जुन्या वस्तीबद्दल कोणी काही बोललं की मी लिहून ठेवतो.

लोकमान्यनगर ते बर्डी

मी मेट्रोत वाचते. लोकमान्यनगरला चढले की जागा मिळते, बर्डी येईपर्यंत सात-आठ पानं होतात. सध्या सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. साहित्य अकादमी मिळालेलं आहे, २००४ चं, पण मी त्यासाठी घेतलं नव्हतं. माझे वडील बुलडाण्याकडे शेती करतात आणि ते म्हणाले होते की हे आपल्याकडचं आहे.

एकनाथ एम. ए. बी. एड. झालेला आहे. नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतात. माझ्या चुलतभावाचं शब्दशः हेच झालं, म्हणून मला हे पुस्तक वाचताना कादंबरी वाचते आहे असं वाटतच नाही. सगळे शेतकरी आत्महत्यांवर बोलतात, पण त्याच्या आधीची जी पंधरा-वीस वर्षं असतात, घरात रोज कशावरून तरी होणारी कुरबुर, सुनेचं माहेरकडे बघणं, बापलेकांचं न पटणं, ते कोणी लिहीत नाही. इथे ते सगळं आहे. बियाण्याचा भाव, बैलाचं आजारपण, पाऊस पडून गेल्यावरची घाई. कुठे कुठे वर्णन फार लांबतं आणि काही पात्रं भाषण दिल्यासारखी बोलतात, ते मला आवडलं नाही. तिथे मी पानं भरभर वाचली.

मोठ्याने वाचायचं झालं तर एक अडचण सांगते. संवाद वऱ्हाडीत आहेत. ज्याला ती बोली येत नाही त्याने वाचले तर नकल केल्यासारखं होतं, आणि त्या माणसांची नकल झालेली मला सहन होत नाही. बोली येत असेल तरच घ्या. पाहिजे तर मी वडिलांकडून एक प्रकरण वाचून घेऊन आवाज पाठवते. ते छान वाचतात.

सदरकर

प्रतापनगरच्या ताई, जी. ए. असे सोडू नका. मी बरीच वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं आणि वर्गात जी. ए. मोठ्यानेच वाचून दाखवायचे. तुम्ही सुरुवात 'काजळमाया'पासून केली ही अडचण. ते १९७२ चं, पुष्कळ पुढचं. आधी 'निळासावळा' किंवा 'हिरवे रावे' घ्या. तिथे घरं आहेत, नाती आहेत, ऐकणाऱ्याला पाय टेकायला जमीन आहे. आणि आदल्या दिवशी गोष्ट एकदा मनात वाचून जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर नंतर खोडा. लांब वाक्य वाचायचं तर ते कुठे जाणार आहे हे वाचणाऱ्याला आधी माहीत हवं, मग ऐकणारा बरोबर मागे येतो.

माझं सध्याचं वाचन म्हणजे ग्रेस. 'संध्याकाळच्या कविता', १९६७. पुन्हा पुन्हा तिथेच येते. अर्थ लागत नाही अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगते, 'भय इथले संपत नाही' लताबाईंच्या आवाजात ऐकताना तुम्ही कुठे अर्थ विचारला होता? मॉरिस कॉलेजात शिकवणारा हा माणूस आपल्याच रस्त्यांवरून फिरत होता, आणि त्या कवितेतली संध्याकाळ मला बाकी कुठल्या गावाची वाटतच नाही. ग्रेस वाचायचे तर मोठ्यानेच वाचायचे. एका वेळी एकच कविता, त्या दिवशी दुसरं काही नाही. दिसत नाही म्हणून ज्याचा कान तयार झाला आहे अशा माणसाला ग्रेस आपल्याहून जास्त कळतील, असं मला मनापासून वाटतं.

प्रतापनगरची

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

महालकर, 'वाडा' आणलं. विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयातून, झाशी राणी चौकातल्या. रविवारी दुपारी पहिला अंक वाचला. तुम्ही म्हणाला तसे आवाज वाटून दिले. माझी मुलगी अंजली आणि रंजू, मी वहिनी आणि आई, नवरा भास्कर. सुधीर आधी कोणीच घेईना, शेवटी तोही नवऱ्याने घेतला. आतल्या खोलीतून सारखी वेळ विचारणारी ती म्हातारी दादी आहे ना, तिचं काय करायचं हा प्रश्न आला. मामी म्हणाल्या, ते मी म्हणते, मला वाचायचं काय त्यात, तेच तर आहे. आणि खरंच, मी फक्त मान हलवून खूण करायची आणि मामी लसूण सोलता सोलता विचारायच्या, किती वाजले म्हणून. दोन-तीनदा तर माझ्या खुणेआधीच विचारलं आणि ते बरोबर जागेवर बसलं. मामाजी सुरुवातीला हसत होते. मग गप्प झाले. अंक संपल्यावर म्हणाले की वरुडजवळच्या त्यांच्या मामाच्या घरीही अशीच एक आत्या होती, आणि ती वेळ का विचारते हे तिला कधी कोणी विचारलं नाही. प्रभाबद्दल तुमचं भांडण मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिच्याकडे दुसरं काही राहूच दिलं नाही, तर ती दुसरं बोलेल काहून? मला दोन्ही पटतं. तुम्ही काय म्हणता ते लिहा.

इंदोऱ्याचे भाऊ, मामाजींना 'वस्ती'चं नुसतं नाव सांगितलं तर त्यांनी एम्प्रेस मिलच्या भोंग्यापासून सुरुवात केली. त्यांच्या लोको शेडमधले काही जण महारपुऱ्यातून यायचे, आणि १९५६ च्या दसऱ्याला शेडमध्ये कामावर माणसंच नव्हती असं त्यांनी वरिष्ठांकडून ऐकलेलं आहे. त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही, तेव्हा ते शाळकरी होते. ते सांगतात ते मी आता वहीत लिहून ठेवते, 'वस्ती' वाचायला घेतलं की सगळं एकदम इथे टाकीन. 'चकवाचांदण' संपलं की लगेच तेच.

लोकमान्यनगर, तुमच्या वडिलांचा आवाज जरूर पाठवा. वऱ्हाडी मला बोलता येते, पण वाचताना माझ्याकडून ती शाळेतल्या मराठीकडे सरकते, हे मला 'वाडा' वाचताना जाणवलं. एखादं प्रकरण त्यांच्या तोंडून ऐकलं की माझा कान लागेल, पुढचं मी वाचीन. लांबलेली वर्णनं कोणत्या प्रकरणांत आहेत तेवढं कळवा, तिथे मामी उठून जाऊ नयेत म्हणून मी आधी बघून ठेवते.

सदरकर मॅडम, पेन्सिलीची रेघ मी 'चकवाचांदण'वर लगेच करून पाहिली, पुस्तक घरचंच आहे. पक्ष्यांच्या नावांच्या ओळींमध्ये रेघा मारल्या आणि काल मामी पूर्ण वेळ बसल्या. 'हिरवे रावे' यादीत घेतलं आहे. ग्रेसबद्दल मामाजींना विचारलं, तर म्हणाले, शंकरनगरला एकदा समोरून येताना दिसले होते, बोलायचं धाडस झालं नाही. कोणत्या कवितेने सुरू करू ते तुम्हीच सांगा. पहिलीच लांबची नको.

सदरकर

'ती गेली तेव्हा रिमझिम'. चाल त्यांना माहीत असणार, म्हणून तुम्ही चालीशिवाय वाचा, सावकाश. ती झाली की त्यांच्याकडून ऐका, त्यांना पुढे काय हवं आहे ते. आणि जी. ए. वाचाल तेव्हा मला कळवा, मी प्रतापनगरला यायला तयार आहे, एक गोष्ट मी वाचीन.

प्रतापनगरची

याच मॅडम, अगदी या. रविवारी दुपारी चार नंतर कधीही. 'वाडा'चा दुसरा अंक बाकी आहे आणि आम्हाला सुधीरसाठी माणूस कमी पडून राहिला. महालकर, तुम्हालाही आमंत्रण आहे.